वैद्यकशाळेचा उंबरठा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. संध्याकाळी आमचे गुरुजी घरी आले. वास्तविक मीच त्यांच्या दारी जायला हवे होते, कारण पाटीवर माझा हात धरून 'श्री' गिरवून घेणारे ते हेच गुरुजी. आता वय ऐंशीच्या पुढे, पण काठी अजून केवळ कुत्र्यांसाठी. ओट्यावर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "काय रे, तू इतिहासाचा प्राध्यापक ना? मग माझं एक कोडं सोडवून दे."

कोडे असे होते. गुरुजींची नात, धाकट्या मुलाची मुलगी, अमेरिकेत न्यू जर्सीत जन्मली आणि तिथेच वाढली. तिला डॉक्टर व्हायचे आहे. चार वर्षांची पदवी हातात पडली. आता ती म्हणते, "आजोबा, मी बायोमेडिकल सायन्सेसमध्ये मास्टर्स करते, म्हणजे मला मेडिकलला प्रवेश मिळेल." गुरुजींचा प्रश्न सरळ होता. "अरे, आपल्याकडे बारावी झाली की पोर थेट डॉक्टरीला जातं. तिकडे आधी पदवी, मग त्यावरची पदवी, आणि मग कुठे डॉक्टरीच्या पहिल्या वर्गात बसायचं? हे उफराटंच नाही का? आणि त्या एका वर्षाची फी ऐकली तर डोळे पांढरे होतात. मुलगा काही मागत नाही, पण माझ्या मनात आलं, मळ्यातली दोन एकर काढावी का विकायला? तू वाचलेला माणूस आहेस, तेवढं सांग."

वाचकहो, मी वैद्यकाचा माणूस नव्हे. पण दोन एकर जमीन पणाला लागली म्हटल्यावर उडवाउडवीचे उत्तर कसे द्यायचे? तेव्हा मी गुरुजींना जी हकीकत सांगितली तीच आज तुम्हांला सांगतो. ती अमेरिकेतली आहे. पण तिच्यात आपली एक मुलगीही आहे, आणि शाळामास्तरांनी ऐकावे असेही पुष्कळ आहे.

अमेरिकेतली पहिली वैद्यकशाळा फिलाडेल्फियात १७६५ साली निघाली. पुढे एकोणिसाव्या शतकात अशा शाळांचे पीक आले. चार-सहा डॉक्टरांनी एकत्र यावे, एखादी इमारत भाड्याने घ्यावी, सरकारदरबारातून सनद मिळवावी आणि शाळा सुरू करावी. विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या व्याख्यानांचे तिकीट विकत घेई. होय, तिकीटच, नाटकाचे घ्यावे तसे. हंगाम सुमारे चार महिन्यांचा. दुसऱ्या वर्षी पुन्हा चार महिने, आणि गंमत अशी की दुसऱ्या वर्षीची व्याख्याने बहुधा पहिल्याच वर्षाची असत. उरलेला काळ एखाद्या जुन्या डॉक्टराच्या हाताखाली उमेदवारी करायची. त्या डॉक्टराला स्वतःला किती येत होते, यावर शिष्याचे नशीब.

प्रवेशाला अट काय? फी भरायची ऐपत, ही मुख्य अट. कारण प्राध्यापकाचे पोट विद्यार्थ्यांच्या तिकिटांवर भरत असे. विद्यार्थी परत पाठवला तर आपलेच उत्पन्न बुडायचे! हार्वर्डसारख्या नामांकित ठिकाणीसुद्धा १८७० च्या आधी शेवटची परीक्षा तोंडी होती. नऊ विषयांच्या नऊ प्राध्यापकांपुढे काही काही मिनिटे उभे राहायचे, आणि निम्म्याहून अधिकांनी 'ठीक' म्हटले की झाला डॉक्टर. चार विषयांत काहीच येत नसले तरी चालत असे. १८६९ साली चार्ल्स एलियट नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्यांनी लेखी परीक्षेचा आग्रह धरला, तेव्हा बिगेलो नावाच्या थोर शस्त्रवैद्याने हरकत घेतली. हरकत काय, तर निम्म्याहून अधिक मुलांना धड लिहिताच येत नाही, लेखी परीक्षा देणार कशी! एलियट मागे हटले नाहीत. १८७१ पासून तिथे तीन वर्षांचा पायरी-पायरीचा अभ्यासक्रम आणि प्रत्येक विषयात उत्तीर्ण होण्याची सक्ती आली.

म्हणजे पैसा असला की दार उघडे. पण थांबा, सर्वांना नाही हं. एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईंना शाळांमागून शाळांनी नकार दिला. अखेर न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावच्या शाळेने निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला. पोरांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी एकमुखाने 'येऊ द्या' म्हटले. १८४९ साली बाई डॉक्टर झाल्या, आणि त्याही वर्गात पहिल्या. १८५० साली फिलाडेल्फियात खास स्त्रियांसाठी वैद्यकशाळा उघडली. तिचेच पुढे 'वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' झाले.

आता तुम्ही ओळखले असेलच. १८८३ साली याच कॉलेजच्या दारात आपली आनंदीबाई जोशी जाऊन उभी राहिली. वय अठरा. नऊवारी लुगडे, जवळ ना मॅट्रिकचा दाखला, ना कुठली पदवी. शिक्षण झाले ते नवरा गोपाळराव यांच्या हट्टातून आणि जागोजागीच्या शाळांतून तुटकतुटक. चौदाव्या वर्षी पोटचे मूल दहा दिवसांत गेले होते, आणि बायकांना बाई डॉक्टर हवी, हा ध्यास तिथून लागला होता. तिने कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांना पत्र लिहिले. आपली तयारी नियमात कितपत बसेल याची शंका तिने लपवली नाही. पण मित्रांचा आणि जातीचा विरोध सोसून जो निश्चय मला इथवर घेऊन आला, तोच मला पुढेही नेईल, असा त्या पत्राचा आशय होता. बॉडलीबाई रसायनशास्त्राच्या. त्यांनी गुणपत्रिका मागितली नाही. पत्र वाचले, माणूस पाहिला आणि प्रवेश दिला, वर शिष्यवृत्तीही. १८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई एम.डी. झाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागा तिची वाट पाहत होती. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे १८९२ साली गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी मुंबईत अनेक वर्षे सेवा केली.

ही गोष्ट मी मुद्दाम थांबून सांगतो आहे. नियम सैल होते म्हणून भोंदू लोकही आत शिरत, आणि नियम सैल होते म्हणूनच आनंदीबाईही आत गेली. एकाच फटीतून उंदीरही येतो आणि उजेडही. पुढचा सगळा इतिहास ती फट बुजवण्याचा, आणि मग उजेडासाठी दुसरी खिडकी पाडण्याचा आहे.

फट बुजवायला सुरुवात झाली बाल्टिमोर शहरात. जॉन्स हॉपकिन्स यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले, पण वैद्यकशाळेला पैसा पुरेना, कारण मूळ देणगी रेल्वेच्या शेअर्समध्ये होती आणि ते घसरले. तेव्हा मेरी गॅरेट नावाच्या एका श्रीमंत अविवाहित बाईने तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम देऊ केली. अटी दोन. पहिली, स्त्रियांना पुरुषांच्याच बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे. दुसरी, प्रवेशासाठी आधी पदवी पाहिजे. तीत रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र झालेले पाहिजे, शिवाय फ्रेंच आणि जर्मन वाचता आले पाहिजे. प्राध्यापकांचे धाबे दणाणले. इतके शिकलेली मुले आणायची कुठून? ऑस्लर हे तिथले जगप्रसिद्ध वैद्य. ते आपल्या सहकाऱ्याला हसत म्हणाले की, आपण इथे प्राध्यापक म्हणून शिरलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून तुला-मला कुणी घेतले नसते. १८९३ साली शाळा उघडली; पहिल्या वर्गात तीन स्त्रिया होत्या.

गुरुजींच्या कोड्याचा पहिला अर्धा भाग इथे सुटतो. अमेरिकेत 'आधी पदवी, मग डॉक्टरी' ही रीत त्या बाईंच्या अटीतून रुजली. ती देशभर पसरवण्याचे काम मात्र एका शाळामास्तराने केले.

त्याचे नाव अब्राहम फ्लेक्सनर. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा. गरीब ज्यू कुटुंबातला. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या थोरल्या भावाने पैसे घातले, म्हणून हा हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन दोन वर्षांत पदवीधर झाला. परत येऊन गावात शिकवू लागला, पुढे त्याने स्वतःची शाळा काढली. वैद्यकाशी संबंध शून्य. १९०८ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने त्याला देशातल्या वैद्यकशाळा पाहून अहवाल लिहायला सांगितले, तेव्हा त्याला वाटले, हे मला माझा डॉक्टर भाऊच समजत आहेत! पण प्रतिष्ठानाच्या अध्यक्षांना डॉक्टर नकोच होता. शाळा म्हणजे काय हे जाणणारा माणूस हवा होता.

फ्लेक्सनर अमेरिका आणि कॅनडा मिळून १५५ वैद्यकशाळा हिंडला. प्रत्येक ठिकाणी तो पाच गोष्टी पाही. प्रवेशाची अट काय आणि ती खरोखर पाळली जाते का? शिक्षक किती आणि कसे शिकलेले? पैसा कुठून येतो आणि कुठे जातो? प्रयोगशाळा आहे का? आणि रोग्याची खाट विद्यार्थ्याला दिसते का? शिक्षक मित्रहो, तुमच्या-माझ्या शाळेच्या तपासणीलासुद्धा यापेक्षा अधिक प्रश्न लागू नयेत. एका गावी त्याला खोल्यांच्या दारांवर 'शरीररचना', 'शरीरक्रिया' अशा पाट्या दिसल्या, पण दारांना कुलपे. किल्ल्या हरवल्या म्हणून सांगण्यात आले. त्याने गाडी पकडायच्या निमित्ताने निरोप घेतला, एकटाच परत आला, शिपायाच्या हातावर पाच डॉलर ठेवले आणि दारे उघडून घेतली. आत काय? टेबल, फळा आणि काही खुर्च्या.

१९१० साली अहवाल छापून निघाला. त्या १५५ शाळांपैकी प्रवेशासाठी कॉलेजची निदान दोन वर्षे मागणाऱ्या शाळा फक्त १६ निघाल्या. बाकीच्यांत कुठे हायस्कूल, कुठे 'हायस्कूलच्या तोडीचे काहीतरी', आणि त्या 'काहीतरी'चा अर्थ ज्याने त्याने लावायचा. फ्लेक्सनरने सांगितले, ३१ शाळा पुरेत. इतक्या काही उरवल्या नाहीत, पण शाळा बंद पडण्याची जी लाट आधीच सुरू झाली होती तिला या अहवालाने जोर आला, आणि वीस वर्षांत संख्या निम्म्यावर आली. उरलेल्या शाळांत प्रयोगशाळा आल्या, पूर्णवेळ शिक्षक आले. रोग्याच्या दृष्टीने पाहाल तर हा मोठाच उपकार झाला.

पण इतिहास शिकवणाऱ्याने नाण्याची दुसरी बाजू दाखवली नाही तर तो चारण ठरेल. काळ्या लोकांसाठी तेव्हा सात वैद्यकशाळा होत्या. दोनच ठेवण्याजोग्या, असे फ्लेक्सनरने म्हटले. हॉवर्ड आणि मेहॅरी. बाकीच्या पाच १९२३ पर्यंत बंद झाल्या. गोऱ्यांच्या बहुतेक शाळा काळ्या मुलांना घेत नसत, म्हणजे त्यांची दारे अक्षरशः दोनच उरली. स्त्रियांच्या तीन शाळांपैकी आनंदीबाईचे कॉलेज तेवढे टिकले. आणि चार वर्षे कॉलेज, मग चार वर्षे डॉक्टरी, एवढा काळ पोराला पोसू शकेल असा बाप किती घरांत असतो? शिवाय काही नामांकित शाळांनी ज्यू मुलांची संख्या गुपचूप मर्यादेत ठेवली, तीही बरीच वर्षे. विद्वत्तेचा उंबरठा उंचावला ते योग्यच झाले. पण उंबरठा उंचावला की लंगडणारा आधी अडखळतो.

मग आली परीक्षा. शाळांना आढळले की घेतलेली मुले मधेच गळतात. कुठे शेकडा पाच, तर कुठे शेकडा पन्नास! म्हणून १९२८ साली मॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वैद्यकाच्या उमेदवारांसाठी एक सामायिक चाचणी तयार केली. गळती पुढे खूपच कमी झाली. १९४६ पर्यंत ती देशभरात सुमारे वीस टक्क्यांवरून सातावर आली. १९४८ साली या चाचणीचे नाव 'एम्कॅट' पडले, आणि अनेकदा रूप पालटून ती आजही चालू आहे. आता ती संगणकावर घेतली जाते आणि गुण ४७२ ते ५२८ या पट्टीत मोजतात.

अशा रीतीने दारावर दोन तराजू टांगले गेले. एक कॉलेजच्या चार वर्षांच्या गुणांचा, ज्याची सरासरी तिकडे चारपैकी मोजतात. दुसरा एम्कॅटचा. यांखेरीज शिफारसपत्रे, मुलाखत, रुग्णालयातला अनुभव, हे सगळे पाहतात. पण तराजूत कमी भरले तर मुलाखतीपर्यंत पोचणेच अवघड.

१९६० नंतर दारात गर्दी उसळली. सरकारने पैसा दिला, नव्या शाळा निघाल्या. पहिल्या वर्षाच्या जागा १९६० मध्ये आठ हजारांच्या आसपास होत्या, त्या १९८० पर्यंत दुपटीवर गेल्या. पण उमेदवार त्याहून वाढले. १९७४ च्या सुमारास पंधरा हजार जागांसाठी बेचाळीस हजारांवर मुले दारात उभी होती. नाकारलेली मुले कुठे जाणार? काही मेक्सिकोत गेली. काही कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर गेली. तिथे १९७६ साली अशाच मुलांसाठी वैद्यकशाळा स्थापन झाली. १९८३ साली अमेरिकेने त्या बेटावर फौज उतरवली, तेव्हा जी कारणे पुढे केली त्यांत या विद्यार्थ्यांच्या जिवाची काळजी हेही होते. काहींनी कोर्टाची पायरी चढली. कॅलिफोर्नियात बाकी नावाच्या इंजिनियराला दोनदा नकार मिळाला. शंभर जागांपैकी सोळा वंचित गटांसाठी राखल्या होत्या, म्हणून त्याने फिर्याद केली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश देवविला, ठरावीक जागा राखणे अवैध ठरवले, पण वंशाचा विचार इतर गोष्टींबरोबर करता येईल असेही म्हटले. ती मुभाही २०२३ साली त्याच न्यायालयाने काढून घेतली.

याच धामधुमीत बाजूची खिडकी पाडली गेली. खरे तर एक नव्हे, तीन. पहिली, काळ्या आणि मागे पडलेल्या मुलांना पदवीनंतर एक वर्ष पक्के तयार करून घेण्याची. १९६९ साली डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठाने ती उघडली. दुसरी, ज्यांनी पदवी साहित्याची, इतिहासाची घेतली आणि मग डॉक्टर व्हावेसे वाटले त्यांना विज्ञानाचे पायाभूत विषय शिकवण्याची. फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या स्त्रियांच्या कॉलेजने १९७२ मध्ये तसा वर्ग काढला. आणि तिसरी, गुरुजींच्या नातीची. ज्यांनी विज्ञान शिकले आहे, पण ज्यांचे गुण थोडक्यासाठी कमी पडले, त्यांची. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने १९७५ च्या सुमारास शरीरक्रियाशास्त्राचा एक 'विशेष' पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्यातली मुले वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसत, तीच व्याख्याने ऐकत, तीच प्रश्नपत्रिका सोडवत, आणि त्यांचे गुण त्या मुलांच्या शेजारी ठेवून पाहिले जात. म्हणायचे इतकेच, की "मला डॉक्टरीचा अभ्यास झेपणार नाही असे तुम्हांला वाटते ना? मग झेपतो की नाही हे करूनच दाखवतो." पुढे बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि इतर अनेक ठिकाणी बायोमेडिकल सायन्सेस, म्हणजे जीववैद्यकशास्त्रे, या नावाखाली असे अभ्यासक्रम निघाले. बहुतेक एका वर्षाचे, काही दोन वर्षांचे.

गुरुजींनी इथे मला अडवले. "म्हणजे जुने गुण पुसले जातात?" नाही, गुरुजी. ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्रवेशअर्जात पदवीचे गुण वेगळ्या रकान्यात आणि पदव्युत्तर गुण वेगळ्या रकान्यात लिहिले जातात. पहिल्या रकान्यातला आकडा तसाच राहतो. फक्त त्याच्या शेजारी एक ताजा आकडा उभा राहतो आणि निवडणाऱ्याला विचार करायला लावतो, की बाई, ही मुलगी अठराव्या वर्षी अशी होती आणि बाविसाव्या वर्षी अशी आहे, आता कोणती खरी? काही शाळा आपल्याच अभ्यासक्रमात अमुक गुण मिळवणाऱ्याला मुलाखतीची हमी देतात. जागेची हमी मात्र सहसा नसते.

आणि ही खिडकी धारदार आहे. चांगले गुण पडले तर नशीब पालटते. पण तिथेही घसरलात, तर "यांना हा अभ्यास झेपत नाही" हे तुम्हीच, तुमच्या पैशाने, लेखी सिद्ध करून दिले असे होते. पैसा तरी थोडाथोडका? एका वर्षाची फी हजारो, बहुधा कैक दहा हजार डॉलर. आजही दरसाल पन्नास हजारांवर उमेदवार अर्ज करतात आणि एम.डी.च्या जागा बावीस-तेवीस हजार. म्हणजे खिडकीपाशीही रांग आहेच.

इतिहासाचा माणूस म्हणून मला इथे एक गोष्ट खुपते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिकीट घेईल तो आत जाई. फ्लेक्सनरने ती तिकिटे फाडली. आणि आता चूक सुधारण्याच्या संधीवर पुन्हा तिकीट बसले. फरक आहे, आणि तो मोठा आहे. तेव्हा पैशाने पदवी मिळे, आता पैशाने फक्त परीक्षेला बसायला मिळते. पेपर ज्याचा त्यानेच सोडवायचा. तरी ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची एकोणिसाव्या वर्षीची चूक तशीच राहते आणि ज्याच्याजवळ आहे त्याची दुरुस्त होऊ शकते, हे काही न्यायाचे झाले नाही.

आनंदीबाईच्या कॉलेजचे पुढे काय झाले, हेही सांगून टाकतो. १९७० साली तिथे मुलगे येऊ लागले, नाव बदलले, मग ते दुसऱ्या एका जुन्या वैद्यकशाळेत मिसळले, आणि २००२ साली फिलाडेल्फियाच्याच ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग झाले. त्या वैद्यकशाळेत आज डॉक्टरीच्या पूर्वतयारीचे असे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. जिथे बॉडलीबाईंनी एक पत्र वाचून दार उघडले, तिथे आज त्याच प्रश्नाचे उत्तर वर्षभराच्या गुणांत शोधतात. प्रश्न तोच आहे. कागदावर कमी भरणाऱ्या माणसात डॉक्टर दडला आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

हा प्रश्न मला का टोचतो तेही कबूल करतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. खेड्यातून रोज एस.टी.ने येई. पहिल्या वर्षी तीन विषयांत नापास झाला. मी त्याला खोलीत बोलावून म्हटले, "हे तुझ्याच्याने व्हायचं नाही, वेळ दवडू नकोस." तो गेला. पुढे कळले, त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले होते आणि पहाटेची दूधगल्ली तोच करत होता. मी विचारलेच नव्हते. आज तो तालुक्याच्या बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मला मान वर करवत नाही. त्याला कुणी दुसरी खिडकी दाखवली नाही. दाखवणारा मीच होतो.

असो. गुरुजींना मी काय सांगितले? म्हटले, जमीन विकण्याआधी नातीला चार प्रश्न विचारा. गुण कशाने गेले, समजत नव्हते म्हणून की दुसरे काही आड आले म्हणून? ते आड आलेले आता दूर झाले का? तू जाणार त्या अभ्यासक्रमातली मागच्या वर्षीची किती मुले खरोखर वैद्यकशाळेत गेली, हे त्या शाळेने तुला लेखी सांगितले का? आणि कमी खर्चात, साध्या सरकारी कॉलेजात चार विषय पुन्हा करून किंवा एम्कॅट पुन्हा देऊन तेच काम होईल का? कारण कित्येकांना केवळ तेवढ्यानेच पुरते. आणि हेही म्हटले की, हा रस्ता अमेरिकेतला आहे. आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा प्रवेश 'नीट' परीक्षेवर होतो, एम.एस्सी. केल्याने त्यात एका गुणाचीही भर पडत नाही. तेव्हा कुणी एजंट इथल्या पालकांना 'आधी मास्टर्स करा, मग डॉक्टरी नक्की' असे सांगू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

गुरुजींनी फोनवर चारही प्रश्न विचारले. उत्तरे समोर ठेवून मुलीने स्वतःच ठरवले. पदवीच्या दुसऱ्या वर्षी आईच्या आजारपणात तिचे गुण गेले होते, आई आता बरी आहे. महागड्या अभ्यासक्रमाऐवजी तिने आपल्याच राज्यातला स्वस्तातला अभ्यासक्रम निवडला, आणि रात्रीची नोकरी धरली. जमीन विकावी लागली नाही. निकाल लागायला अजून अवकाश आहे. लागेल तेव्हा लागेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, उंबरठा उंच हवाच. उद्या आपल्या छातीला नळी लावणारा माणूस कच्चा नको. पण कुणी उंबरठ्यावर अडखळला, तर तो लंगडा आहे की नुसती ठेच लागली आहे, एवढे तरी वाकून पाहावे. त्याला ना मास्टर्स लागते, ना डॉलर. गुणपत्रिका हातात देताना एक वाक्य विचारले म्हणजे पुरे: "बाळ, यंदा घरी काय झालं होतं?"